सांबार म्हणणारी मावशी

जुडी हातात आली की मावशी ती आधी मांडीवर आपटायची. माती झडली की नाकाशी धरायची, एक देठ मोडून दाताखाली चावायची आणि मान हलवायची. "हाव. हा सांबार हाय." ह्या तपासणीशिवाय एक काडी चिरली जायची नाही. बाजारवाल्यांना वाटायचं बाई भांडायला आलीय, आणि बऱ्याचदा ते खरंही असायचं.

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर इथंच अडखळाल. सांबार म्हणजे इडलीबरोबरची वाटी, असं तुमच्या डोक्यात. मावशीचा सांबार म्हणजे कोथिंबीर. ती किनवटकडची. नांदेड जिल्ह्याचं ते टोक. एका अंगानं यवतमाळ, दुसऱ्या अंगानं तेलंगणा. तिकडं कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, आणि तो सांबार असतो, ते सांबार नसतं. इडलीबरोबरच्या वाटीला मावशी 'चिंचेचं वरण' म्हणायची. एकदा एका पोरीनं तिला चिडवायला विचारलं, "मावशी, मग जंगलातलं सांबर?"

"ते आमच्या रानात हिंडून राहिलं. त्याले शिंगं असतेत. तुह्या ताटात शिंगं दिसली का, मले सांग."

लातुरात ती हौसेनं आली नव्हती. नवरा तेलंगणात मजुरीला जायचा. एका उन्हाळ्यात तिकडंच आजारी पडला आणि घरी आला तो मरायलाच आला. मागं राहिली ती आणि एक लेक. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचा, निंदायला जायचं. राहायला कुडाची एक खोली. भाकर असली की कालवण नसायचं, कालवण असलं की त्यात तेल नसायचं. हे ती रडून सांगायची नाही. दात खाऊन सांगायची.

लेक दहावीला शाळेत पहिली आली. गुरुजी म्हणाले, हिला लातूरला पाठवा, पोरगी डॉक्टरकीच्या परीक्षेला बसण्यासारखी आहे. क्लासच्या फीची सोय त्यांनीच कुठून कुठून केली. पण राहायचं कुठं आणि जेवायचं काय? मावशीनं कुडाच्या खोलीला कुलूप लावलं, लेकीला घेऊन एसटीत बसली आणि लातुरात मुलींच्या वसतिगृहांची दारं वाजवत सुटली. प्रत्येक दारात एकच बोलणं. "पैसे नाईत. सैपाक येते. पोरीले खोली द्या, मी तुमच्या समद्या पोरींना रांधून घालते."

ज्या दारात तिला हो म्हणाले, त्या वसतिगृहाची रेक्टर मी होते.

माझंही सांगते. मी चाकूर तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कुणी न विचारता सांगते, कारण ती पायरी माझ्या बापानं डाळमिलमध्ये पोती उचलून बांधली आहे. आम्ही बौद्ध. वसतिगृहाच्या मालकांना ते माहीत होतं. मालकांना सगळे 'सर' म्हणायचे. त्यांनी कधी कुणाला काही शिकवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मावशी आली आणि मेसचा फळा बदलला. आधी त्यावर वरण, भात, भाजी, पोळी एवढंच असायचं. पहिल्याच रविवारी मावशीनं लेकीकडून मोठ्या अक्षरात लिहवून घेतलं : सांबारवडी. पोरींनी ते वडा-सांबार असंच वाचलं. जेवायला नुसती झुंबड. ताटात पडली कढी आणि बेसनाच्या पुडात कोथिंबीर-खोबरं भरून तळलेली लांबट वडी.

"मावशी, सांबार कुठाय?"

"वडीच्या पोटात."

"अन् वडा?"

"वडा म्या कवा म्हणलं? वडी हाय, सांबार हाय. वाचता येत नाई अन् डॉक्टर व्हायले आल्या."

त्या दिवशी कढईत तळणीच्या चुऱ्याशिवाय काही उरलं नाही. मग ताटावर बसल्याबसल्या शब्दांचं भांडण लागलं. देगलूरची एक म्हणाली, "आमच्यात कोत्तमीर म्हणतेत." उदगीरची म्हणाली, "आमच्यात कोतंबरी." नांदेडची एक मुसलमान पोरगी म्हणाली, "हमारे में तो कोतमीर बोलते." मी म्हणाले, कोथिंबीर. मावशीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "तुमच्यात काही बी म्हना. माह्या विळीखाली आला की तो सांबार."

आम्ही हसलो. ह्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पण 'आमच्यात' आणि 'तुमच्यात' हे शब्द आपल्याकडं कसे चालतात, ते तुम्हालाही माहीत आहे. पोरींच्या तोंडी त्याचा अर्थ गाव होता. मोठ्या माणसांच्या तोंडी तो गाव नसतो. "तुमच्यात वडीला खसखस घालतात का?" असं विचारणाऱ्या बाईला खसखशीशी काही घेणं नसतं.

आता ट्रायलचं ताट म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्या ताटावर घडलं. दहावीचा निकाल लागला की लातुरात आईबाप पोरं घेऊन उतरतात. क्लास ठरतो, मग खोली, मग मेस. मेस ठरवायच्या आधी आईबाप तिथं एकदा फुकट जेवून बघतात. पोर दोन वर्षं काय खाणार, ते आपल्या जिभेनं तपासायचं. पद्धत म्हणून वाईट नाही. माझा बाप असता तर त्यानंही तपासलं असतं.

मावशीच्या लेकीचं अकरावीचं वर्ष असंच मजेत आणि भांडणात गेलं. पुढच्या जूनमध्ये पालक आले. सरांनी मुद्दाम सांगितलेलं, जुडी कितीही महाग असू द्या, ट्रायलला सांबारवडी पाहिजे. त्या वडीवर मागच्या वर्षी खाटा भरल्या होत्या.

एक जोडपं जेवत होतं. नवऱ्यानं भाकर दुसऱ्यांदा मागून घेतली. बायकोनं वडी मोडून आतलं सारण बघितलं आणि मावशीला जवळ बोलावलं. "किती छान झालीय हो. तुमच्यात अशीच करतात का?"

"आमच्याकडं समदेच करतेत. किनवटकडं."

"तसं नाही. म्हणजे तुमच्यात. आडनाव काय तुमचं?"

मावशीनं आडनाव सांगितलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर रागबिग काही आला नाही. तोच मला आजवर विसरता येत नाही, तो गुळगुळीत चेहरा. तिनं हातातली अर्धी वडी ताटाच्या कडेला ठेवली, अगदी हळू, जणू ती वडी झोपलेली होती. मग रुमालानं बोटं पुसली. एकेक बोट. "आम्ही विचार करून कळवतो," म्हणाली.

मावशी ताट उचलायला वाकली. "विचार पोटात गेला की," ती म्हणाली. "आता कायचा करता?"

संध्याकाळपासून सरांना पालकांचे फोन सुरू झाले. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा. जात कुणी लिहिली नव्हती, एवढे आता सगळे शिकलेले आहेत. कुणी लिहिलं, हायजीनचं बघायला हवं. कुणी लिहिलं, चव जरा उग्र आहे. कुणी लिहिलं, स्वयंपाकीण बाईंची भाषा मुलींच्या कानावर पडते, ते योग्य नाही. कोथिंबिरीच्या एका जुडीला पाच मुलखांत पाच नावं पडली, तर त्यात आम्हाला हसू आलं होतं. इथं एका घाणेरड्या गोष्टीला तीन स्वच्छ नावं पडली होती.

सरांनी मला ऑफिसात बोलावलं. "मॅडम, आपलं तसं काही नाही. तुम्हाला तर माहीतच आहे. पण पालकांचं ऐकावं लागतं."

हे 'आपलं तसं काही नाही' ज्यानं ज्यानं मला म्हटलंय, त्याच्या पुढच्या वाक्यात 'पण' आलेला आहे.

त्यांचा तोडगा तयार होता. त्यांच्या नात्यातल्या एक काकू येणार. काकू बाहेर टेबलाशी उभ्या राहणार, वाढणार, पालकांशी बोलणार. स्वयंपाक मावशीच करणार, पण आत. मधल्या भिंतीत एक खिडकी पाडायची, त्यातून भांडी बाहेर. "पगार तोच. लेकीची खोली तशीच. फक्त बाहेर यायचं नाही. आणि ते सांबार-बिंबार म्हणणं बंद करा म्हणावं. कोथिंबीर म्हणा. लोकांना लगेच कळतं."

"काय कळतं, सर?"

ते कागद चाळायला लागले. मी म्हणाले, "हे मी सांगणार नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. आणि एक विचारते. मी पण तिच्यातलीच आहे. मी चालते ती कशी काय?"

"तुमचं काम वेगळं आहे, मॅडम."

वेगळं म्हणजे काय, ते मीच इथं लिहिते. माझ्या हातात त्यांच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या चालत होत्या. तिच्या हातातली पळी चालत नव्हती.

सरांनी मावशीला बोलावून सांगितलं. मी तिथंच उभी राहिले, हटले नाही. मला वाटलं, आता ही बाई टेबल उलटं करेल. मावशीनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पोरीची खोली?"

"तशीच. बारावीचं वर्ष आहे तिचं, मला कळतं ना."

त्या 'मला कळतं ना'मध्ये धमकी होती, आणि ती आम्हा दोघींनाही ऐकू आली. मावशी वळली आणि कणीक मळायला गेली.

मी तिच्या मागं गेले. मला तिचाच राग आला होता. "मावशी, तुम्ही गप कशा बसलात? बाजारात चार आण्याच्या मिरचीवरून भांडता, अन् इथं?"

"बाजारात माही लेक पणाला नसते," ती म्हणाली. कणकेवर तिची मूठ पडत होती. "तिची परीक्षा होऊ दे, माय. मंग बघते."

गवंडी आला, भिंत फोडली, खिडकी झाली. काकू आल्या. काकू स्वभावानं वाईट नव्हत्या; त्यांना भाजी कशी करतात एवढं जरी विचारलं तरी त्या गांगरायच्या आणि खिडकीकडं बघायच्या. पालक म्हणायचे, "काकू, हाताला चव आहे हो तुमच्या." काकू कसनुसं हसायच्या. आत मावशी भाकरी थापत असायची. त्या वर्षी तिच्या भाकरीचा आवाज फार मोठा यायचा. अख्ख्या मेसला ऐकू जायचा.

तिनं सरांचं सगळं ऐकलं. बाहेर आली नाही, पालकांशी बोलली नाही. एक गोष्ट मात्र ऐकली नाही. भाजीवाला दारात आला की खिडकीतून तिचा आवाज यायचा, "सांबार संपला. सांबार आण. हिरवागार पायजे, पिवळा आणशील तर तुह्याच डोक्यावर चिरीन." सर ऑफिसातून बाहेर यायचे आणि परत आत जायचे. पोरींनी हे बरोबर ओळखलं. हळूहळू सगळ्या मेसमध्ये कोथिंबीर हा शब्द बंद झाला. देगलूरची, उदगीरची, नांदेडची, सगळ्या खिडकीपाशी ताट घेऊन ओरडायला लागल्या, "मावशी, वरणावर सांबार टाका." काकूसुद्धा एकदा चुकून म्हणाल्या, आणि सरांकडं बघून जीभ चावली.

लेक मात्र खिडकीशी यायची नाही. आईला भिंतीआड ठेवलंय ते तिला दिसत होतं. ती जेवायला बाहेर टेबलाशी बसलीच नाही त्या वर्षी. आत, आईजवळ, पोत्यावर बसून जेवायची आणि पुस्तक घेऊन निघून जायची. मी एकदा तिला म्हणाले, तू बाहेर बस, तू इथली विद्यार्थिनी आहेस. ती म्हणाली, "मॅडम, जिथून जेवण येतं तिथं बसते."

मे महिन्यात तिची परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी मावशीनं लेकीचं सामान एका गाववाल्याबरोबर किनवटला पाठवून दिलं. लेकही गेली. मावशी राहिली. मला वाटलं, पगार घेऊन जाईल. ती जून यायची वाट बघत होती, हे मला नंतर कळलं.

ट्रायलचा पहिला दिवस. हॉल पालकांनी भरलेला. ताटं वाढून झालेली, काही जण जेवायला लागलेले, काहींच्या पोरी हात धुवून यायच्या होत्या. सर स्वतः हात जोडून टेबलांमधून फिरत होते. कुणीतरी म्हणालं, "काकू, ही वडी कशी करता हो?" आणि काकूंनी सवयीनं खिडकीकडं बघितलं.

खिडकीशेजारचं दार उघडलं. वर्षभर ते बंद होतं. मावशी बाहेर आली. हाताला बेसन, पदर खोचलेला.

"त्यायले काय विचारता? म्या केली," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "वर्षभर म्याच करून राहिली. ह्या भिंतीआड." मग तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं. गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. "आम्ही बौद्ध हावो. जेवून झाल्यावर तुम्ही विचारता, म्हणून आधीच सांगून राहिली. ज्याले उठायचं त्यानं आत्ता उठा. ज्यानं खाल्लं त्यानं खाल्लं, ते आता परत येत नाई. बसणाऱ्यायले वडी गरम हाय."

सर धावत आले. "मावशी, आत चला. आत चला आधी."

"कोनत्या आत?" मावशी म्हणाली. "पोरीची परीक्षा झाली, सर. आता मले आत नाई."

तुम्हाला वाटेल, लोक उभे राहिले, माफी मागितली. असलं काही झालं नाही. बरेच उठले. कुणाला फोन आला, कुणाला क्लासची वेळ झाली, कुणाला अचानक पोराची तब्येत आठवली. एवढ्या सगळ्या शिकलेल्या माणसांत एकालाही खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. एक माणूस खाली मान घालून जेवत राहिला. तो धीट होता की भुकेला, मला माहीत नाही. कोपऱ्यातली एक बाई, हातात हिरव्या बांगड्या, कुठल्या गावची ते मी विचारलं नाही, ती म्हणाली, "मला अजून एक वाढा. अन् माझ्या पोरीला पण." मावशीनं स्वतः जाऊन वाढली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं बाहेर टेबलाशी येऊन कुणाच्या ताटात आपल्या हातानं वाढलं.

दुपारी सरांनी तिला काढलं. संध्याकाळी मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला? तुम्हाला कोण काही म्हणालं का?" मी म्हणाले, "सर, तुम्ही वर्षभर म्हणत होतात. तुम्हाला ऐकू आलं नसेल."

मावशी किनवटला परत जाईल असं मला वाटलं होतं. तिनं त्याच भागात एका मुसलमान शिंप्याच्या घराच्या खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शिंप्याच्या बायकोनं तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "आपा, तुम कोतमीर को सांबार क्यों बोलते?" आणि मावशी तिच्यावर खेकसली, आणि दोघींची दोस्ती झाली. खानावळ सुरू झाली. पहिल्या हंगामात ताटं थोडी होती. जुन्या वसतिगृहातल्या, पुन्हा परीक्षेला बसायला थांबलेल्या देगलूरच्या आणि उदगीरच्या पोरी तिथली मेसची फी भरलेली असूनही इथं येऊन जेवायच्या. मी पण जायचे. तोवर मला एका शाळेत नोकरी लागली होती.

जूनमध्ये ट्रायलला पालक यायचे. मावशीची रीत आता उलटी होती. ती आधी ताटासमोर उभी राहायची, नाव सांगायची, आडनाव सांगायची, मग पळी उचलायची. मी एकदा म्हणाले, "मावशी, हे रोज कशाला? आता पाटी आहे ना बाहेर." ती म्हणाली, "पाटी लोक बघत नाईत. मले बघू दे ना, कोन बसते अन् कोन उठते." उठणाऱ्यांकडं ती शेवटपर्यंत बघायची. ती बघते आहे, हे कळल्याशिवाय कुणी तिथून उठून जाऊ शकलं नाही. मला वाटतं तिला तेच पाहिजे होतं.

सरांचं वसतिगृहही चालू आहे. मेसच्या फ्लेक्सवर आता छापलंय : वऱ्हाडी स्पेशल सांबारवडी. कुणा दुसऱ्या बाईकडून करून घेतात. पदार्थ चालला. शब्द पण चालला. बाई तेवढी चालली नाही. त्या फ्लेक्सखालून जाताना मी आजही मान वर करत नाही, नाही तर काहीतरी फाडीन.

लेकीला डॉक्टरकीला जागा मिळाली नाही, थोडक्यात हुकली. एक पूर्ण वर्ष पोत्यावर बसून जेवलेल्या पोरीला तुम्ही काय विचारता, का हुकली म्हणून? ती नर्सिंग शिकली. मावशीनं त्यावर एकदाही हळहळ केली नाही. "सुई तरी आपल्या हातानं टोचील," म्हणाली.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. छातीत कळ आली ती सकाळी, जुड्या निवडताना. मी पोचले तेव्हा तिला किनवटला नेलेलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. फरशीवर अर्धा निवडलेला ढीग तसाच होता, आणि त्याचा वास दोन्ही खोल्यांत भरून राहिला होता. शिंप्याची बायको दारात बसली होती. मी ढिगाजवळ बसले आणि उरलेला निवडायला घेतला. मग तीही आत आली. तिनंही एक जुडी ओढून घेतली.

मावशीचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. लिहिलं असतं, तर तुमच्यापैकी काहींनी आधी आडनाव वाचलं असतं आणि बाकीचं मग. ज्यांना बघायचंय त्यांनी लातूरला यावं.

खानावळ आता किनवटहून आलेली तिची बहीण चालवते. लेक नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. खानावळीच्या पाटीवर मावशीचं पूर्ण नाव आहे, आडनावासकट, आणि ह्या जूनमध्ये तिथं एकही जागा रिकामी नव्हती.